आमची वाटचाल: गनमेटलचा बुश आणि जुने ट्रॅक्टर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा वर्कशॉपचा गाळा बाबांनी सुरू केला तेव्हा सगळं काम आजूबाजूच्या कंपन्यांचंच असायचं, पंपाचे शाफ्ट, फ्लँज, बुश, जे येईल ते. पुढे एकेक कंपनी बंद होत गेली, तिथे आयटीच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि जॉबवर्क आटलं. तेव्हा हात दिला तो जुन्या ट्रॅक्टरांनी.

पहिला जॉब मुरबाडच्या एका काकांचा, इंटरनॅशनल बी-275, 1960च्या दशकात आपल्या कांदिवलीत बनायला लागलेलं मॉडेल. काका म्हणाले, अरे बाळा, मी फिरवतो एकीकडे आणि चाक जातं भलतीकडेच. बघायला गेलो, पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक धरून हलवलं तर खडखड आवाज, म्हणजे स्पिंडलचे (ज्या उभ्या दांड्यावर पुढचं चाक वळतं तो) बुश (त्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) गेलेले. आपल्या भातशेतीत हे होणारच, चिखलणीत पुढची चाकं पाण्यात, ग्रीस धुऊन जातं, बारीक गाळ आत शिरतो आणि घासत राहतो.

रेडीमेड बुश मिळाला तरी तो मूळ मापाचा असतो, पण इतक्या वर्षांनी स्पिंडल मूळ मापाचा कुठे राहिलाय? मायक्रोमीटर लावला की कळतं, एका बाजूने खाऊन अंडाकृती झालेला असतो. म्हणून आम्ही आधी स्पिंडल ग्राइंड करून गोल करतो, जास्तच गेला असेल तर वर हार्डक्रोमचा (क्रोमियमचा कडक) थर चढवतो, आणि मग त्याच्या मापाने गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश काढतो. जुना बुश ठोकत बसत नाही, हॅक्सॉ ब्लेडने आतून चीर दिली की ढिला पडतो, फक्त ब्लेड हाऊसिंगला लागायच्या आधी थांबायचं. नवा प्रेसने बसवताना ग्रीसचं भोक निप्पलसमोरच आलं पाहिजे, नाहीतर वरून ग्रीसगन कितीही मारा, आत काही जात नाही. बसल्यावर बुश आतून आवळतो, त्यामुळे रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) बुश बसवल्यानंतरच मारायचा, वरचा आणि खालचा बुश एका लाइनीत. तेल लावलेला स्पिंडल हाताने आत गेला पाहिजे, आणि ते अजूनही बाबाच येऊन तपासतात, मला खूप बरं वाटतं त्याचं.

आता शहापूर, वाड्याकडूनही लोक येतात. येताना नुसता जुना बुश घेऊन येऊ नका प्लीज, स्पिंडल आणि एक्सलचा तो भाग दोन्ही आणा, तरच माप घेता येतं.