फूल कधी येणार?

ऑक्टोबरची दुपार. दिवाळीआधी खिडकीच्या ग्रीलला रंग मारून घ्यावा म्हणून रंगारी बोलावला होता. अर्धं ग्रील झाल्यावर तो थबकला. "मॅडम, ये तार निकालूँ?"

तार नव्हती ती. वांडा नावाच्या ऑर्किडचं मूळ होतं. टोपलीतून निघून आडव्या पट्टीवर चांगलं हातभर पसरलेलं, आणि असं चिकटलेलं की नखानेही सुटेना. "राहू दे," मी म्हटलं. "और पट्टी?" पट्टीही राहू दे.

तर आता आमच्या खिडकीची एक पट्टी गंजकी आणि बाकी सगळ्या पांढऱ्याशुभ्र. घरी येणारा माणूस आधी पट्टीचं विचारतो आणि मग हमखास पुढचा प्रश्न येतो, फूल कधी येणार?

फुलाचं मला खरंच तितकंसं नाही. ऑर्किडची फुलं बघायची तर दादरच्या कुठल्याही हॉलमध्ये रिसेप्शनला जावं. नवरा-नवरीच्या मागे जांभळी-पांढरी डेंड्रोबियम खचाखच खोचलेली असतात. थायलंडहून खोके भरभरून येतात ती. आहेर देताना एखादी काडी उपटून आणणारी माणसंही मी पाहिली आहेत. नावं घेत नाही, घरातलीच आहेत.

मुळांची मजा वेगळीच. कोरडी असताना रुपेरी राखाडी. पाणी पडलं की बघता बघता हिरवी होतात, तीही एकदम नाही; आधी ठिपके उमटतात, मग पट्टे, मग सगळं मूळ. वर मृत पेशींचं एक आवरण असतं, वेलामेन म्हणतात त्याला. पाणी प्यायलं की ते पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. मूळ असून पानासारखं अन्नही तयार करतं. वाढतं टोक जेमतेम पेरभर, ओलसर चकचकीत, जांभळट हिरवं. त्याला धक्का लागला तर ते तिथेच थांबतं, आणि मागून कुठून तरी नवा फाटा फुटतो. चहाचा कप घेऊन मी रोज तिथे उभी असते. घरचे म्हणतात, टीव्ही लाव त्यापेक्षा.

माती नाहीच. लाकडी टोपली, दोन-चार कोळसे, बाकी हवा. मुंबईची दमट हवा, जिला आपण जून ते ऑक्टोबर शिव्या घालतो, तीच याला मानवते. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडचं मात्र तसं नाही. वाढदिवसाला भेट म्हणून येतं ते, फुलांची कमान घेऊन. फुलं झडली की नुसती जाड पानं. नवा दांडा धरायला त्याला २५ अंशांखालच्या रात्री लागतात, काही आठवडे सलग. मुंबईत त्या कुठून आणायच्या? डिसेंबर-जानेवारीत काय मिळेल तेवढंच. वर पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर पावसाळ्यात कुजून जातं, ते वेगळंच.

मामाच्या घरी, कुडाळजवळ, खळ्यातल्या फणसावर सीतेची वेणी होती, तीही ऑर्किडच. मे महिना सरताना फुलायची. वीतभर लांब, गच्च, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. आसामात याच फुलाला कोपौ म्हणतात, बिहूला मुली केसांत माळतात. मामी वटपौर्णिमेला एकच तोडायची. मामा मात्र दरवर्षी कोयता घेऊन निघायचा, "बांडगूळ ता, झाडाचो रस पिता." मामी ओटीवरूनच ओरडायची, "त्येका हात लावू नकात हां!" तिचंच बरोबर होतं, ऑर्किड झाडाला फक्त धरून बसतं, त्याचं काही घेत नाही. पण मामाला हे पटवायला गेलं की जेवायला उशीर व्हायचा.

ती वेणी तिथे लावली कुणीच नव्हती. एका शेंगेत लाखो बिया, धुळीएवढ्या. त्यांना बरोबर शिदोरीच दिलेली नसते, सालीत नेमकी बुरशी भेटली तरच रुजतात. बुरशीवाचून, साखर घातलेल्या आगर-जेलीवर त्या रुजवता येतात हे कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी १९२२ साली दाखवलं, म्हणून तर आज रोपवाटिकांत हजारांनी रोपं मिळतात. फणसावर कुणी काही दाखवायला गेलं नव्हतं.

माझ्या वांडाला ऊन कमी पडतं, हे मला माहीत आहे. समोर टॉवर उभा राहिल्यापासून सकाळचे दोन तास, बस. तरी रोज बादलीत बुडवून काढते आणि परत टांगते. ते निथळतं, आणि थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर. "अगं, आत्ता वाळले होते गं टॉवेल!" मध्यंतरी त्या वर आल्या, भांडायलाच. मुळं हिरवी होताना बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "फूल आलं की हाक मार. तोवर टॉवेल मी आत वाळत घालीन."

मी हो म्हटलं. कधी येईल ते त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.