बर्मिंगहॅम, माँटगोमेरी, सेल्मा : मुलांना सोबत घेऊन

अटलांटाच्या उत्तरेला राहणारी आमच्यासारखी मराठी कुटुंबं सुट्टी मिळाली की स्मोकी माउंटन्स गाठतात, नाहीतर फ्लोरिडाचा समुद्र. शेजारच्या अलाबामा राज्याकडे फारसं कुणी वळत नाही. खरं तर अटलांटाहून बर्मिंगहॅम दीडशे मैलांच्या आत आहे, तिथून माँटगोमेरी नव्वद मैल आणि माँटगोमेरीहून सेल्मा पन्नास. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीची ही तीन गावं शुक्रवार ते रविवार आरामात होतात. आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो: आम्ही दोघं आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी, शिवाय माझी बहीण, मेहुणे आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा.

वयं मुद्दाम सांगतोय. ही चळवळ म्हटली की डोळ्यांसमोर भाषण करणारे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग येतात आणि बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडता बसून राहिलेल्या रोझा पार्क्स. प्रत्यक्ष तिथे फिरताना कळतं की तुरुंग भरले होते ते शाळेतल्या पोरांनी. म्हणून मुलांना घेऊन जा, आणि तिथे गेल्यावर त्यांना बोलू द्या. आपण मोठी माणसं पाटी वाचून लगेच समजावून सांगायला लागतो. तो मोह आवरला तर ही मुलं काय काय विचारतात ते ऐकायला मिळतं.

आधी वारांचं गणित. बर्मिंगहॅमचं सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट साधारणपणे रविवार-सोमवारी बंद असतं, तर माँटगोमेरीचं लेगसी म्युझियम आणि त्याची स्मारकं सोमवार-मंगळवारी. त्यामुळे लाँग वीकेंडचा सोमवार इथे बहुतेक वेळा फुकट जातो. त्याऐवजी शुक्रवारची रजा घ्या: शुक्रवारी बर्मिंगहॅम, शनिवारी माँटगोमेरी, रविवारी सेल्मा करून घरी. निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणच्या वेळा पुन्हा तपासा, त्या बदलत असतात. आणि अलाबामाचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे हे ध्यानात ठेवा. जाताना एक तास मिळतो, येताना तोच जातो, म्हणून रविवारी सेल्माहून वेळेवर निघा.

बर्मिंगहॅममध्ये बघायचं सगळं एका चौकाभोवती आहे: एका कोपऱ्यावर सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, समोर केली इन्ग्रम पार्क, रस्त्यापलीकडे इन्स्टिट्यूट. गाडी एकदा लावली की दिवसभर हलवावी लागत नाही. सुरुवात इन्स्टिट्यूटपासून करा, म्हणजे नंतर बागेत उभं राहिल्यावर कुठे काय घडलं ते समजतं.

१९६३च्या वसंतात इथलं आंदोलन थंडावत चाललं होतं. मोठ्या माणसांना नोकरी जायची धास्ती होती, घरमालक घराबाहेर काढेल ही भीती होती. जेम्स बेव्हेल या तरुण कार्यकर्त्याने सुचवलं, मुलांना बोलवा, त्यांची नोकरी कोण काढून घेणार? मुलांना पुढे करावं की नाही, यावर डॉ. किंगसुद्धा आधी घुटमळले होते. २ मे रोजी हजाराच्या वर विद्यार्थी शाळा सोडून या चर्चमध्ये जमले. कृष्णवर्णीयांच्या रेडिओवरच्या निवेदकांनी गाण्यांच्या मध्ये ‘पार्कात पार्टी आहे’ असं म्हणून खुणेने निरोप दिला होता. ज्यांना तुरुंगाची कल्पना होती त्यांनी टूथब्रश बरोबर आणले होते. मुलं गटागटाने गाणी म्हणत बाहेर पडली आणि पोलिसांनी त्यांना गाड्यांत भरलं. गाड्या पुरेनात, तेव्हा शाळेच्या बस मागवल्या. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. तेव्हा बुल कॉनर या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे मारायला लावले आणि कुत्री सोडली. ते फोटो जगभर गेले. १० मे रोजी शहरातल्या व्यापाऱ्यांशी समझोता झाला. त्यानंतर शिक्षण मंडळाने हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेतून काढलं, तो निर्णय पुढे वरच्या न्यायालयाने फिरवला.

अटक झालेल्यांत, माहीत असलेल्यांपैकी, सगळ्यात लहान होती ऑड्री फे हेंड्रिक्स. वय नऊ. आठवडाभर कोठडीत होती. भाच्याने ते वय वाचलं आणि त्या क्षणापासून सगळ्या फलकांवर तो फक्त वयं शोधत होता. ही युक्ती मला आधी सुचली नव्हती, पण तुम्हाला जरूर सांगेन: प्रत्येक मुलाला आपल्या वयाचं कुणीतरी शोधायला सांगा. तारखांपेक्षा ते जास्त घट्ट धरून ठेवतात.

इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीलाच पाणी प्यायचे दोन नळ मांडलेले आहेत, एक गोऱ्यांसाठी, दुसरा कृष्णवर्णीयांसाठी. भाचा तिथे बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “मामा, आपला नळ कुठला?”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बहीण बोलली. तिने त्याला सांगितलं की पणजोबांच्या वाड्यातल्या आडावर गावातल्या सगळ्यांना पाणी भरायला येता येत नव्हतं. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि त्यासाठीही माणसांना मार खावा लागला. त्याने जरा विचार करून गोऱ्यांच्या नळाकडे बोट केलं. “मग आपण तिकडचे.” बहीण हो म्हणाली.

आपल्या मराठी घरांतून इथे येणाऱ्यांनी या उत्तराची तयारी ठेवूनच जावं असं मला मनापासून वाटतं. मुलं हा प्रश्न विचारणारच, आणि अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर हळहळायचं आणि आपल्या आडाबद्दल गप्प बसायचं हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. हे दोन्ही धागे मुळात जोडलेलेच आहेत. १९५९मध्ये भारतात आलेल्या डॉ. किंगना केरळमधल्या एका शाळेत, दलित मुलांसमोर, मुख्याध्यापकांनी अमेरिकेतले अस्पृश्य बंधू अशी ओळख करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग ते खरंच आहे असं वाटलं. ही हकीकत त्यांनी स्वतः १९६५च्या एका प्रवचनात सांगितली. पुढे १९७२मध्ये मुंबईत विशीतल्या पोरांनी दलित पँथर काढली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. हे सगळं गाडीत बोलायला पुरेसा वेळ असतो.

बागेत शिल्पं आहेत. एका ठिकाणी पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतून अंगावर झेपावणारी धातूची कुत्री आहेत आणि आपल्याला त्यांच्या मधूनच जावं लागतं. लहान मूल घाबरू शकतं, बरोबर चाला. दुसरीकडे गजांआड उभी असलेली दोन मुलं आहेत आणि त्याखाली ओळ आहे: तुमच्या तुरुंगाला मी भीत नाही. मुलीने ती मोठ्याने वाचली. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मान डोलावली.

चर्च आतून पाहायचं असेल तर आधी वेळ घेऊन ठेवा. १५ सप्टेंबर १९६३च्या रविवारी सकाळी इथे बाँबस्फोट झाला आणि अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या तिघी आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर गेल्या. त्याच दिवशी शहरात आणखी दोन मुलं गोळीबारात मेली, तेरा वर्षांचा व्हर्जिल वेअर आणि सोळा वर्षांचा जॉनी रॉबिन्सन. त्यांची नावं क्वचितच घेतली जातात. स्फोटाबद्दल पहिली शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं, शेवटची २००२मध्ये झाली. चर्चमध्ये रंगीत काचेची एक खिडकी आहे, तिच्यात कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे. दूर वेल्समधल्या लोकांनी छोट्या छोट्या वर्गण्या काढून ती पाठवली.

शनिवार माँटगोमेरीचा. इथे माझी मुलगी आमच्या पुढे चालत होती, कारण तिला तिची सापडली होती: क्लॉडेट कॉल्विन. २ मार्च १९५५ रोजी, रोझा पार्क्सच्या आधी नऊ महिने, ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमधली जागा सोडायला तयार झाली नाही. पोलिसांनी बेड्या घालून नेलं. शाळेत तेव्हा कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवत होते आणि त्या इतिहासातल्या बायका आपले खांदे दाबून बसवताहेत असं तिला वाटलं, असं तिने नंतर सांगितलं आहे. चळवळीतल्या मोठ्यांनी तिला पुढे केलं नाही. वय कोवळं, घरची गरिबी, आणि पुढे ती गरोदर राहिली. पण बसमधला भेदभाव ज्या खटल्याने कायद्याने संपवला, त्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’मधल्या चार फिर्यादींपैकी ती एक होती. मेरी लुईस स्मिथ ही आणखी एक, तिलाही अठराव्या वर्षी याच कारणासाठी अटक झाली होती. कॉल्विनची पोलिसदरबारातली नोंद पुसली गेली ती थेट २०२१मध्ये.

डेक्स्टर अव्हेन्यूच्या टोकाला, कारंजाजवळ रोझा पार्क्सचा पुतळा आहे आणि शेजारी त्या चौघींच्या नावाचे ग्रॅनाइटचे दगड. पुतळ्याबरोबर फोटो सगळे काढतात. दगड खाली आहेत, नजर तिकडे न्यावी लागते. मुलीने तिथे उभं राहून कॉल्विनची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली, साताऱ्याच्या आजीसाठी, मराठीत. शब्द अडत होते, अडले तिथे इंग्रजी आलं, आम्ही मध्ये तोंड घातलं नाही. त्या रात्री आजीचा फोन आला आणि दोघी अर्धा तास बोलल्या. तुमच्या मुलांनाही हे करायला सांगा. कुणाला तरी सांगायचं आहे म्हटल्यावर ती वेगळं लक्ष देऊन बघतात.

लेगसी म्युझियम, टेकडीवरचं नॅशनल मेमोरियल फॉर पीस अँड जस्टिस आणि नदीकाठचं फ्रीडम मॉन्युमेंट स्कल्प्चर पार्क ही तिन्ही ठिकाणं इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह ही संस्था चालवते. तिन्हींसाठी मिळून एकच स्वस्त तिकीट आहे, ठिकाणांमध्ये फुकट शटल फिरते. तिकीट आधी ऑनलाइन काढा. म्युझियममध्ये फोटो काढू देत नाहीत. आशय फार जड आहे: गुलामांचा व्यापार, जमावाने केलेल्या हत्या, आजचे तुरुंग. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना सगळं दाखवू नये असं माझं मत. भाच्याला मेहुणे अर्ध्यातून बाहेर घेऊन गेले. मोठ्या मुलांना मात्र त्यांच्या गतीने फिरू द्या, किमान तीन तास धरा.

टेकडीवरच्या स्मारकात आठशेच्या वर गंजल्या रंगाचे पोलादी स्तंभ आहेत, अशा हत्या झालेल्या प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, एक, आणि त्यावर तिथे जमावाने ठार मारलेल्यांची नावं. सुरुवातीला ते आपल्या उंचीवर असतात. मग पायाखालची जमीन उतरत जाते आणि तेच स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. इथे प्रत्येकाने आपली काउंटी शोधावी. आमची सापडली: फोर्साइथ काउंटी, जॉर्जिया. १९१२मध्ये तिथल्या कमिंग गावात रॉब एडवर्ड्स या तरुणाला जमावाने मारलं आणि त्यानंतर काउंटीतल्या जवळपास सगळ्या, हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना घरंदारं, शेतंवाडी सोडायला लावून हुसकून दिलं. पुढची कित्येक दशकं तिथे कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ नव्हता. १९८७च्या जानेवारीत तिथे निघालेल्या मोर्चावर दगडफेक झाली. आठवड्याने सुमारे वीस हजार माणसं पुन्हा चालत गेली. आज त्याच काउंटीत आपली घरं आहेत, आपले गणपती बसतात. मुलगी त्या स्तंभाखाली उभी राहून म्हणाली, “बाबा, म्हणजे आपलं घर कुणाच्या जागेवर आहे?” मला उत्तर माहीत नव्हतं, तिला तसं सांगितलं. घरी आल्यावर ती काउंटीच्या जुन्या नोंदी शोधते आहे.

याला जोडूनच मी दोघांना १९६५बद्दल सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये देशवार कोटा रद्द करणारा स्थलांतराचा कायदा. चळवळीने हवा बदलली नसती तर तो दुसरा कायदा झाला नसता, आणि आपल्यासारख्या हजारो कुटुंबांना इथे यायची वाट मिळाली नसती.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर दक्षिणी पद्धतीच्या भाज्या, विशेषतः कोलार्डची भाजी आणि घेवडा, बऱ्याचदा डुकराच्या मांसात शिजवलेल्या असतात. विचारूनच घ्या. मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड, तळलेले हिरवे टोमॅटो बहुतेक ठिकाणी मिळतात. आम्ही ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि सेल्मात तीच कामी आली. तिथे रविवारी खाण्याची सोय थोडी आहे, पेट्रोलही माँटगोमेरीतच भरून घ्या.

सेल्मा छोटं, थकलेलं गाव आहे. २०२३च्या जानेवारीतल्या टोर्नेडो वादळाने त्याचं फार नुकसान केलं. ब्राउन चॅपलसमोर उभं राहून मुलांना शेयान वेबबद्दल सांगा. आठव्या वर्षी ती एकटी सभांना यायची आणि ७ मार्च १९६५ला मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमेरीकडे निघालेल्या, पोलिसांनी पुलावर मारझोड करून परतवलेल्या मोर्चातही होती. नंतरच्या मोर्चात ५४ मैल चालून माँटगोमेरीला पोहोचलेल्यांत लिंडा ब्लॅकमन होती, त्याच वाटेवर तिला पंधरावं लागलं. दोनच आठवड्यांपूर्वी पुलावर तिचं डोकं फुटलं होतं. मग एडमंड पेटस पूल चालत ओलांडा. मध्ये उंचवटा असल्याने सुरुवातीला पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्चच्या त्या रविवारी माथ्यावर पोहोचल्यावरच मोर्चेकऱ्यांना खाली पोलिसांची भिंत दिसली. पुलावर वाहतूक चालू असते, पदपथ सोडू नका, आणि उन्हाळ्यात सकाळीच जा. परतताना हायवे ८०वर व्हाइट हॉलचं माहिती केंद्र उघडं असेल तर थांबा. मतदार म्हणून नाव नोंदवलं एवढ्यासाठी जमीनमालकांनी हुसकून लावलेली कुटुंबं तिथे तंबूत राहिली होती.

मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी पुलाच्या स्मरणार्थ मोठा सोहळा असतो. गर्दी प्रचंड, हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. पण तेव्हा मोर्चात चाललेली शाळकरी मुलं आज सत्तरीत आहेत आणि त्या सोहळ्यात ती भेटतात. पुढच्या वर्षी आम्ही त्याच वेळी जाणार आहोत. भाच्याने वहीत प्रश्न लिहायला सुरुवात केली आहे, पहिला आहे: “तुम्ही घरी काय सांगून निघालात?”