पाइपासकट आलेलं बिऱ्हाड

नवा लाजाळू मासा घरात आला की आधी माणसं आवरावी लागतात. फायरफिश आणला तेव्हा आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण टँकपाशी वाकून "कुठंय? कुठंय?" करत काचेवर टिचकी मारायचा. माझं शिवणकाम घरातच, त्यामुळे ब्लाउजच्या ट्रायलला आलेल्या बायकाही त्यात आल्याच. शेवटी पुढच्या काचेला अर्ध्या उंचीपर्यंत अस्तराचं कापड चिकटवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घालून मासा आणलास आणि त्याला पडद्यात बसवलास?"

मासा आहेच तसा. बोटाएवढा, पुढून सायीच्या रंगाचा, मागे शेपटीकडे नारिंगी-लाल होत गेलेला. पाठीवर एक लांब काटा, सुईत ओवलेल्या दोऱ्याच्या टोकासारखा ताठ, आणि तो सारखा वर-खाली हलवत असतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिक बेटांपर्यंत प्रवाळाच्या उतारावर हा राहतो. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात तरंगायचं, वाहत येणारे बारीक जीव टिपायचे आणि जरा सावली पडली की खालच्या बिळात सूं करून गायब. बीळ जवळ नसेल तर हा बाहेर पडणारच नाही. म्हणून मला वाटतं, लाजाळू माशाला धीट करायचं असेल तर त्याला लपायच्या जागा कमी नाही, जास्त द्याव्यात. दगड काढून टँक मोकळा केला की मासा दिसेल असा लोकांचा हिशेब असतो. तसा केला तर तो फिल्टरच्या मागे जाऊन बसतो.

खाऱ्या पाण्याचे मासे मी मुंबईहून आणते. कसारा घाट चढून घरी पोचेपर्यंत मासा पिशवीत चार-पाच तास असतोच. पिशवी बंद असते तोवर माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, पीएच (पाण्याचा आम्लपणा दाखवणारा आकडा) खाली येतो आणि पाण्यातला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला भोवतो. त्यामुळे लांबून आणलेल्या माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून उघड्या पिशवीत तासन् तास थेंब-थेंब टँकचं पाणी सोडत बसणं मला पटत नाही. त्याऐवजी निघायच्या आधीच दुकानदाराला त्याच्या पाण्याचा खारेपणा विचारून ठेवते. खारेपणा विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात मोजतात; त्यांचा १.०२० होता, माझ्या टँकचा १.०२५. घरी एका वेगळ्या छोट्या टाकीत आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून १.०२० चंच पाणी तयार ठेवलं. बंद पिशवी त्यात तरंगत ठेवून तापमान सारखं होऊ दिलं, मग मासा अलगद टाकीत आणि पिशवीतलं पाणी मोरीत. खारेपणा पुढे काही दिवसांत हळूहळू वाढवला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असलाच तर तोही या वेगळ्या टाकीतच कळतो, मोठ्या टँकभर पसरत नाही.

त्या टाकीत वाळू नाही, दगड नाही. नळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आणि एक एल्बो, एवढंच. फायरफिशने पाइप पसंत केला. सुरुवातीला नुसता काटा बाहेर दिसायचा, मग डोळे, मग अर्धं अंग. आर्टेमियाची (कोळंबीच्या जातीतला बारीक जीव) अंडी फोडून नुकतीच निघालेली पिल्लं ड्रॉपरने पाइपाच्या तोंडाशी सोडली की झडप घालायचा आणि उलट्या पावली आत.

मोठ्या टँकमध्ये हलवताना जाळं वापरलंच नाही. तो पाइपात शिरल्यावर दोन्ही तोंडांवर तळवे ठेवले आणि पाइपासकट उचलून टँकमधल्या दगडांच्या मागे नेऊन ठेवला. बिऱ्हाड बदललं, घर तेच!

खरी भीती यलोटेल डॅमसेलची होती. बोटाच्या पेराएवढा निळा मासा, पण अख्खा टँक आपल्या नावावर असल्यासारखा वागतो. त्याला आदल्या दिवशीच जाळीच्या डब्यात बंद केलं आणि दगडांची मांडणी बदलली, म्हणजे बाहेर आल्यावर त्यालाही पत्ता नवीनच. दोन्ही क्लाउनफिश निरुपद्रवी, फक्त हावरट. त्यांना आधी एका कोपऱ्यात मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) घालायचं आणि ते तिकडे गुंतले की दुसरा घास प्रवाहात सोडायचा, वाहत वाहत पाइपापाशी जाईल असा. पहिले काही दिवस फक्त निळा लाइट.

इतकं करूनही दुपारी तो आतच. माझ्या लक्षात आलं ते असं, की मी कटिंग करत असताना तो बाहेर असायचा आणि मशीन सुरू केलं की आत. पाण्यातली थरथर माशाला अंगावर जाणवते. शिलाई मशीन टँकच्याच भिंतीला लागून होतं. मशीन बेडरूममध्ये हलवलं, खाली रबरी मॅट टाकली. यांनी विचारलं, "माशासाठी?" म्हटलं, हो.

झाकणाचं मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. घाबरलेला फायरफिश बाहेर उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. गच्च काचेचं झाकण नाशिकच्या उन्हाळ्यात मला नको असतं, कारण इथली हवा कोरडी, टँकवर पंखा लावला की पाणी उडून छान गार होतं. (उडतं ते पाणी, मीठ नव्हे, म्हणून भर साध्या आरओच्या पाण्याची.) माहेरी दिंडोरीकडे द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकतात त्या जाळीचा तुकडा होता. जाळीची भोकं मोठी होती, म्हणून दोन थर तिरके ठेवून लाकडी चौकटीवर ताणून शिवले.

आता अस्तराचं कापड निघालंय आणि नवा सल्ला सुरू झालाय, "एकटाच आहे बिचारा, जोडीदार आणा ना." समुद्रात यांच्या जोड्या एका बिळात राहतात हे खरं. पण नर-मादी वरून ओळखू येत नाहीत आणि तीन फुटी टँकमध्ये न जमणारे दोघे सोडले तर एक जण दुसऱ्याला खाऊ देत नाही, कोपऱ्यात दाबून ठेवतो. हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पत्रिका बघून आण."