तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर नसलेल्या उपकेंद्रात जायचं कशाला?

सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडीकडच्या गावांतून हा प्रश्न हमखास येतो.

उपकेंद्रात बसते ती सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेली, वर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली. परदेशात खेड्यापाड्यांत 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे पेशंट तपासून औषध देणाऱ्या नर्स असतात, त्यांच्या कामाच्या जवळपास आपल्याकडे हीच येते. बीपीचंच उदाहरण घ्या: गोळी पहिल्यांदा सुरू करायची ती पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांनी, समक्ष किंवा ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेवर बोलून. सीएचओचं काम त्यानंतरचं, आणि बीपीचा पेशंट बिघडतो तोही त्यानंतरच.

आता बीपी मोजणंच घ्या. बाई रानातून तरातरा चालत आली आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा वरच येणार. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं. पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, दंड काळजाच्या उंचीला. चहा, तंबाखू, मिश्री आधी अर्धा तास बंद. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. पट्टा उघड्या दंडावर हवा. स्वेटरची बाही वर सरकवून ठेवली तर तीच दंड आवळते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. मोठा पट्टा जवळ नसेल तर पीएचसीतून मागवून घ्यावा. आणि मोजताना गप्पा नकोत. पण पट्टा फुगत असतानाच सिस्टर विचारते, "सून आली का गं माहेराहून?"

मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. 140/90 च्या वर आलं तरी एका दिवसावरून शिक्का मारायचा नाही, पुन्हा बोलवायचं. 180/110 च्या वर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर थेट 108.

गोळ्या सुटतात त्या दोन कारणांनी. एक, "आता बरं वाटतंय". बरं वाटतंय ते गोळीमुळेच. दुसरं, ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या पायांवर सूज येते. माणूस घाबरून परस्पर गोळी टाकून देतो. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी बदलून दिली असती.

जतकडचं तिसरं कारण म्हणजे ऊसतोड. टोळी एकदा निघाली की चार-पाच महिने गाव नाही, आणि उपकेंद्रातून गोळ्या मिळतात महिन्याच्या. म्हणून मुकादमाची गाडी यायच्या आठ-दहा दिवस आधी आशाताईच्या कानावर घाला. जास्तीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारून साठा मागवावा लागतो. पोरांच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर बीपीचं कार्डही ट्रंकेत टाका. त्यावर गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे लिहून घेतलेलं असावं. 'पांढरी बारकी गोळी' एवढ्यावर कारखान्याकडची सिस्टर काही देऊ शकत नाही.