खिद्रापूरचं वर्तुळ आणि गालिच्याची वीण

गालिच्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातली एकच वास्तू निवडायची झाली, तर मी खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप निवडेन. ४८ खांब, त्यातल्या आतल्या १२ खांबांच्या डोक्यावर गोल मोकळं आभाळ आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. आठ बाय दहा फुटांच्या गालिच्यात मधोमध सहा फुटांचा फिकट गोल, भोवती काळपट जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, आणि कडेला खांबांचे चौकोन, अष्टकोन नि गोल असे छेद. डिझाइन म्हणून यात काही कमी नाही. खरं काम पुढे आहे. गालिचा हा चौकटींच्या जाळीवर उभा असतो आणि प्रेरणा कुठलीही असो, ती या जाळीतून गाळून घ्यावीच लागते.

गाठीच्या गालिच्यांची प्रत उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडे, जिथे हे गालिचे विणतात, ९/५४, ५/४० अशी सांगतात. पहिला आकडा रुंदीच्या ०.९ इंचातल्या गाठींचा, दुसरा लांबीच्या साडेचार इंचांतल्या ओळींचा. म्हणजे ९/५४ मध्ये एका इंचात आडव्या १० गाठी आणि उभ्या १२ ओळी, चौरस इंचाला १२० गाठी. इथेच पहिली चूक होते. गाठ चौकोनी नसते, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असते. सहा फुटांच्या गोलाला आडव्या ७२० गाठी लागतात आणि ओळी ८६४. नकाशा, म्हणजे विणकरासाठीचा गाठीगाठीचा आराखडा, साध्या चौकोनी ग्राफवर काढून ७२० बाय ७२० दिला, तर मागावरून उतरतो तो ७२ इंच रुंद आणि ६० इंच लांबीचा अंडाकृती गोल. विणकर नकाशाबरहुकूम विणतो, त्याचा दोष नसतो. ग्राफच्या घराचं प्रमाण विणीच्या प्रमाणाइतकंच हवं आणि ते नकाशा काढण्याआधी विचारून घ्यावं.

५/४० ची वीण स्वस्त, पण तिच्यात एक गाठ सुमारे साडेचार मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटरच्या आत उंच बसते. एका गाठीची उभी रेघ आणि एका ओळीची आडवी रेघ यांची जाडी त्यामुळे वेगळी दिसते. उभी दोन गाठींची आणि आडवी तीन ओळींची काढली, की दोन्ही नऊ मिलिमीटरच्या आसपास येतात. कोल्हापुरी साजाची पानं किनारीला ओवण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. या विणीत त्यातला मासा आणि कासव यांत फरक करता येत नाही. साज घ्यायचाच असेल, तर एकच पान दोन फूट उंच करून घ्यावं, किंवा पानं सोडून मण्यांचा आणि पानांचा एकाआड एक येणारा ठेका तेवढा उचलावा. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे.

वेळेचा अंदाजही गाठींवरूनच निघतो. आठ बाय दहा म्हणजे ८० चौरस फूट. ९/५४ मध्ये १३ लाख ८२ हजारांहून जास्त गाठी. एक विणकर दिवसाला सात हजार गाठी मारतो असं धरलं आणि मागावर तिघं बसले, तर नुसत्या विणकामालाच ६६ दिवस. रंगकाम, धुणं, ताणून वाळवणं, कात्रीने लव, म्हणजे वर उभे राहिलेले लोकरीचे तंतू, समपातळीत आणणं हे वेगळं. महिन्याभरात 'गाठीचा' गालिचा करून देतो म्हणणाऱ्याला मागची बाजू दाखवायला सांगा. मागे नक्षी गाठीगाठीने दिसली तर तो गाठीचा. कापड चिकटवलेलं दिसलं तर टफ्टेड.

टफ्टेड वाईट नाही, त्याचं तंत्र वेगळं. चौकटीवर ताणलेल्या कापडात गनने लोकर घुसवतात, मागून लेटेक्स लावतात आणि त्यावर दुसरं कापड. वर्तुळ, वळणदार रेघा, पाण्याच्या लाटा असल्या गोष्टी इथे सहज येतात, कारण जाळीचं बंधन फारसं नाही. पण काम मागच्या बाजूने चालतं, म्हणून नक्षी उलटी छापावी लागते. हे विसरलं, की उजवीकडे बघणारा मोर डावीकडे बघतो. लेटेक्समध्ये खडूची भुकटी जास्त मिसळलेली असेल, तर काही वर्षांत ते कोरडं होऊन गालिच्याखाली पांढरी पूड पडायला लागते. विकत घेताना कोपरा दुमडून बघावा. कडकड आवाज आला किंवा पूड पडली तर सोडून द्यावा.

जगातल्या नावाजलेल्या डिझायनरांची कामं बघताना ही जाळी डोळ्यांसमोर ठेवली, तर बरंच उलगडतं. आयलीन ग्रे आणि एव्हलिन वाइल्ड मोरोक्कोत विणकाम शिकल्या आणि १९१० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांनी कार्यशाळा काढली. त्यांच्या गालिच्यांत मोठे सपाट आकार येतात, कारण लोकरीच्या पोताला मोकळी जागा हवी असते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत गुंटा श्टोल्झल आणि अ‍ॅनी आल्बर्स यांनी ताणा-बाणा हेच डिझाइन मानलं. जर्मनीचा यान काट जुन्या पर्शियन नक्षीचा काही भाग खोडल्यासारखा करतो. अवकाशाच्या फोटोंवरून केलेल्या त्याच्या गालिच्यांत ढगांसारख्या छटा येतात त्या दाट विणीमुळे आणि लोकरीसोबतच्या रेशमामुळे. ५/४० मध्ये तोच फोटो विणला तर ठिपक्यांची गर्दी होईल. अझरबैजानचा फैग अहमद तर जाळीचाच विषय करतो. त्याचे गालिचे कुठे वितळतात, कुठे पिक्सेलसारखे फुटतात. जयपूर रग्जच्या 'मनचाहा' प्रकल्पात विणणाऱ्या बाया नकाशाशिवाय, उरलेल्या लोकरीतून स्वतः डिझाइन करतात. मला आजच्या भारतीय कामात हे सगळ्यांत जिवंत वाटतं, कारण तिथे सुचणं आणि विणणं एकाच हातात आहे.

आपल्याकडेही शिकण्यासारखं जवळच आहे. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या सतरंज्या बघा. तिथल्या बायका उभ्या मागावर मोर आणि सोंगट्यांचा पट विणतात. सपाट विणीत दोन रंग एकाच उभ्या रेषेत भिडले, की तिथे चीर पडते. म्हणून हद्द पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी नेतात. मोराची पिसंही पायऱ्यांची होतात, आणि तरी मोर मोरच दिसतो. अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीला जे कोन फुटत जातात, ते या विणीसाठीच केल्यासारखे आहेत. खिद्रापूरचा गोल मात्र सतरंजीत घालू नये.

काळ्या जमिनीसाठी लोकर रंगवायची गरज नाही. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी-करडी असते आणि घोंगडीत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकताना दिसते. पण ती राठ आणि केसाळ आहे. कापलेल्या लवेत पायाला टोचते आणि बरीच झडते. त्यामुळे ती सपाट विणीत वापरावी. लवेचा गालिचा असेल तर बिकानेरी लोकरीत मिसळावी आणि आधी एक फूट बाय एक फुटाचा नमुना विणून त्यावर आठवडाभर चालून बघावं. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. गालिच्याला सुती ताणा बरा, आणि त्यासाठी सूत इचलकरंजीत मिळतं.

पिवळा रंग जपून निवडा. पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा बघून तो रंग गालिच्यात हवासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. हळदीने लोकर छान पिवळी होते, पण उन्हात तो रंग टिकत नाही. खिडकीजवळचा भाग आधी फिका पडतो. डाळिंबाची साल आणि तुरटी यांचा पिवळा मातकट असतो, पण हळदीपेक्षा टिकतो. झगझगीत पिवळाच हवा असेल तर चांगल्या प्रतीचे कृत्रिम रंग वापरावेत, त्यात कमीपणा नाही. मंजिष्ठेचं पाणी ७० अंशांच्या वर तापवलं, की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. हिराकस घातलं की रंग गडद होतो, पण जास्त झालं तर लोकर ठिसूळ होते.

एक गोष्ट डिझायनरला स्पष्ट सांगावी: देवाची आकृती, अक्षरं, राजमुद्रा गालिच्यात नकोत. त्यावर पाय पडणार असतो. मंदिरातून प्रमाण, सावली, दगडाचा रंग घ्यावा, मूर्ती तिथेच राहू द्यावी.

सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, गालिचा टाकताना सोफ्याचे पुढचे पाय निदान सहा इंच त्यावर यावेत आणि भिंतीपासून फूट-दीड फूट जागा सुटावी. लवेला दिशा असते. एका बाजूने तोच गालिचा उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूने गडद. दोन्हीकडून बघूनच तोंड ठरवा.

आषाढात आपल्याकडे फरशी ओलसर होते, शहाबादी तर फारच. गालिच्याखाली फेल्टचा थर टाकावा. पीव्हीसीची जाळी पॉलिश केलेल्या फरशीला चिकटून डाग पाडते. दारातून ओले पाय येतात तिथे व्हिस्कोसचा, म्हणजे 'बांबू सिल्क' म्हणून विकला जाणारा गालिचा मुळीच टाकू नये. भिजलं की व्हिस्कोस कमकुवत होतं, लव दबते आणि पाण्याचा पिवळा डाग राहतो. लोकर भिजली तर गुंडाळून ठेवू नका. दोन खुर्च्यांच्या पाठीवर आडवी टाकून दोन्ही बाजूंनी पंखा लावा, नाहीतर कुबट वास बसतो. पावसाळा संपला की उलटा करून मागून व्हॅक्युम करावा, फिरणारा ब्रश काढून. कसर बहुधा सोफ्याखाली, जिथे कोणी चालत नाही तिथे आधी लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाकावा आणि सोफ्याखालचा भाग दिवसभर उन्हात घालावा.