फ्लेबोटॉमिस्टच्या पगाराची ऑफर तासात मोडून पाहताना : माझा अनुभव

फ्लेबोटॉमिस्टच्या, म्हणजे रक्ताचं सॅम्पल काढणाऱ्याच्या, कामाचा मोबदला तीन वेगवेगळ्या मापांत सांगितला जातो. हॉस्पिटल महिन्याचा आकडा सांगतं, घरी जाऊन सॅम्पल घेणारी लॅब व्हिजिटचा दर सांगते आणि आरोग्य शिबिराचा ठेकेदार दिवसाची हजेरी. नोकरी बदलताना मी हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहिले, पण ते एकमेकांशी जुळवताच येईनात. सगळे आकडे एका तासाच्या कमाईवर आणले तेव्हा कुठे तुलना जमली. ती कशी केली ते इथे लिहिते. खालचे पगाराचे आणि व्हिजिटचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. वजावटीचे दर मात्र खरे, कायद्यातले आहेत.

आधी महिन्याच्या पगाराकडे बघू. फोनवर एचआर सांगतो तो आकडा बहुतेक वेळा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा सगळा खर्च. समजा सीटीसी 20,000 आहे आणि त्यात मूळ पगार 12,000. कंपनी स्वतःचा पीएफचा वाटा प्रशासकीय आणि विमा शुल्कासह 13 टक्के धरते, त्याचे झाले 1,560. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे 577. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, यातला मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे 563. हे वजा जाता ग्रॉस, म्हणजे तुमच्या कपातीआधीचा पगार, उरला 17,300. त्यातून तुमचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,440, ईएसआय 0.75 टक्क्यांनी 130 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात येतात 15,530. व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 असतो, आणि महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंत तो माफ आहे. बऱ्याच लॅबच्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये ही सवलत भरलेली नसते. मुलींनी पहिल्याच स्लिपवर तो रकाना बघावा.

म्हणजे वीस हजारांचे हातात साडेपंधरा. यात फसवणूक नाही, पण ग्रॅच्युइटीचे 577 कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळत नाहीत, आणि या कामात माणसं दीड-दोन वर्षांत जागा बदलतात. म्हणून ती रक्कम मी हिशेबात धरतच नाही. पीएफ मात्र धरते. तुमचे 1,440 आणि मालकाचे 1,440 मिळून 2,880 दर महिन्याला तुमच्या नावावर पडतात. मालकाच्या वाट्यातले सुमारे 1,000 पेन्शन योजनेत जातात, बाकी खात्यात. तेव्हा या नोकरीची खरी किंमत 15,530 अधिक 2,880, म्हणजे 18,410. आठ तासांचे 26 दिवस, एकूण 208 तास. तासाला साधारण 88 रुपये. नुसतं हातात येणारं धरलं तर 75.

मूळ पगार किती दाखवलाय हे मी एवढ्यासाठीच विचारते. तो 8,000 दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकलं की हातात थोडं जास्त येतं, पण पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळंच आक्रसतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा आहे, तेव्हा हा प्रश्न विचारायला आता कायद्याचाही आधार आहे. ईएसआय ग्रॉस 21,000 पर्यंत लागू असतो. पगार 20,900 वरून 21,500 झाला की ईएसआयची वर्गणी चालू अंशदान कालावधी, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च ही सहामाही, संपल्यावर थांबते आणि पुढे ते संरक्षणही संपतं. त्या सहाशे रुपयांच्या वाढीबरोबर कंपनी आरोग्य विमा देणार का, हे वाढीचं पत्र घेतानाच विचारायचं असतं.

होम कलेक्शनचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा आहे आणि चूकही तिथेच होते. समजा व्हिजिटला 80 रुपये, दिवसाला 10 व्हिजिट, 26 दिवस. झाले 20,800. गाडी रोज 45 किलोमीटर फिरली आणि लिटरला 45 चं अॅव्हरेज धरलं, तर पेट्रोलचा रोजचा एक लिटर. लिटरला 105 धरून 2,730. टायर, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग यांसाठी किलोमीटरला एक रुपया बाजूला ठेवला तर 1,170. उरले 16,900. इथे पीएफ नाही, ईएसआय नाही, आजारी पडलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. सकाळी सहापासून शेवटचं सॅम्पल लॅबला पोचेपर्यंत सात तास धरले तर महिन्याचे 182 तास, तासाला 93 रुपये. दिसायला हॉस्पिटलपेक्षा बरं.

पण दिवसाला दहाऐवजी सातच ऑर्डर आल्या तर? मिळकत 14,560 वर येते आणि खर्च जवळपास तेवढाच राहतो, कारण रूट तोच, फक्त मधली घरं गळलेली. हातात 10,660, तासाला 59 रुपये. हॉस्पिटलच्या 75 ची बरोबरी करायलासुद्धा रोज साडेआठच्या आसपास व्हिजिट लागतात, आणि पीएफ धरला तर साडेनऊच्या वर. म्हणून ‘महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत कमवा’ या जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द मी सगळ्यात आधी वाचते. किमान हमी किती, एवढंच विचारायचं. ऑर्डर कमी आल्या तरी महिन्याला ठरावीक रक्कम मिळेल असं लेखी असेल, तर व्हिजिटचा दर दहा रुपयांनी कमी असला तरी ती ऑफर चांगली.

सकाळी दहा व्हिजिट होतात का, याचं उत्तर उपाशीपोटीच्या तपासण्यांत आहे. आठ ते बारा तास उपाशी असलेल्या पेशंटला सहा ते साडेनऊमधलाच स्लॉट हवा असतो. नाव-वय पडताळणं, औषधं विचारणं, शीर शोधणं, ट्यूब भरून उलटसुलट करणं, पेशंटसमोर बारकोड लावणं, दाबून धरलेला कापूस काढून रक्त थांबल्याची खात्री करणं, हे सगळं नीट केलं तर पंधरा ते वीस मिनिटं जातात. पुढच्या घरापर्यंत दहा-पंधरा मिनिटं. तासाला दोन. साडेतीन तासांत सात. दहा तेव्हाच होतात जेव्हा तुमचे पिनकोड लागून असतात आणि सोसायट्या दाट असतात. त्यामुळे पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न : मला किती पिनकोड देणार आणि ते कोणते? मोठ्या सोसायट्यांच्या पट्ट्यातले 70 रुपये हे शहराच्या कडेला विखुरलेल्या वस्त्यांतल्या 100 रुपयांपेक्षा जास्त भरतात.

मग ‘व्हिजिट’ या शब्दाची व्याख्या. एका घरात आई-वडील आणि मुलगा अशा तिघांचं रक्त घेतलं तर ती एक व्हिजिट की तीन पेशंट? काही ठिकाणी पत्त्यावर पैसे देतात, काही ठिकाणी पेशंटवर, काही ठिकाणी दुसऱ्या पेशंटला अर्धा दर. फास्टिंग आणि पीपी (उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर) ही एकच ऑर्डर असते, पण जेवणानंतर दोन तासांनी तुम्हाला त्याच घरी परत जावं लागतं. ती दुसरी खेप मोजली जाते का? ग्लुकोज टॉलरन्समध्ये 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून पुढचे दोन तास ठरलेल्या वेळी सॅम्पल घ्यायची असतात. तेवढ्या वेळात दुसरी चार घरं झाली असती. त्या वेळेचे वेगळे पैसे मिळतात का? आणि दार न उघडणारा पेशंट, म्हणजे पोचल्यावर रद्द झालेली ऑर्डर, तिचे काही मिळतात का? या चार प्रश्नांची उत्तरं ‘होईल अॅडजस्ट’ अशी आली तर ती नाही अशीच समजावीत.

रिकलेक्शनवर, म्हणजे सॅम्पल पुन्हा घ्यावं लागण्यावर, मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे हाताचं कौशल्य थेट पैशात दिसतं. सॅम्पल रिजेक्ट झालं की परत जायचं, आणि ती फेरी बहुतेकदा फुकट असते. काही ठिकाणी वरून इन्सेंटिव्हही कापतात. सगळ्यात जास्त त्रास हिमोलिसिसचा, म्हणजे रक्तपेशी फुटण्याचा. बारीक सुईने जोरात सिरिंज ओढली, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवला, किंवा सिरिंजमधलं रक्त सुईसकट दाबून ट्यूबमध्ये ढकललं, की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त आणि द्रावणाचं प्रमाण 9 ला 1 असावं लागतं, 2.7 मिलिलिटरची खूण गाठली नाही तर पीटीचा (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा) रिपोर्ट चुकतो आणि लॅब ट्यूब परत पाठवते. बटरफ्लाय सेट (नळी जोडलेली सुई) वापरताना नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते, म्हणून सायट्रेट पहिली असेल तर त्याआधी एक वाया घालवायची ट्यूब भरावी लागते. जांभळी ईडीटीए ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी केली नाही तर गुठळी होते आणि सीबीसी बाद. क्रम निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, करडी असाच. जांभळी आधी घेतली तर तिच्यातलं पोटॅशियम पुढच्या ट्यूबमध्ये जातं, कॅल्शियम कमी दिसतं, आणि दोष तुमच्या नावावर लागतो.

पण प्रत्येक रिजेक्शन कलेक्शनचंच नसतं. पिवळ्या जेल ट्यूबला गुठळी व्हायला साधारण तीस मिनिटं हवीत आणि दोन तासांच्या आत ती सेंट्रिफ्यूज व्हायला, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवली जायला, हवी. सॅम्पल लॅबला नेणारा रनर उशिरा आला तर तो उशीर तुमचा नाही. म्हणून रिजेक्शनचं कारण आणि सॅम्पल लॅबला मिळाल्याची वेळ दोन्ही कळवतात का, हे मी विचारून ठेवते. सॅम्पल देताना वेळ टाकून सही घेते. महिन्याच्या शेवटी दोनशे-तीनशे रुपयांच्या कपातीवर बोलायला तेवढा एक कागद पुरतो.

टीडीएसचंही, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचंही, असंच. व्हिजिटवर काम करणाऱ्याला कंपनी कर्मचारी न मानता कंत्राटदार मानते तेव्हा 1 टक्का कापला जातो, व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवलं तर 10 टक्के. 20,800 वर हा फरक 208 आणि 2,080 चा आहे. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून पैसे परत मिळतात. आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात (26एएस) ती रक्कम दिसते का ते तपासायचं, कारण कापलेली पण भरलेली नसेल तर परतावा अडकतो.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात ‘फ्लेबोटॉमिस्ट’ या नावाने शोधलं तर फारसं काही सापडत नाही, हे काम प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदात मोडतं. जिल्हा परिषदेच्या 2023 च्या भरतीत या पदाला एस-13, म्हणजे 35,400 ते 1,12,400 ही वेतनश्रेणी होती, महागाई आणि घरभाडे भत्ता वेगळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हास्तरीय कंत्राटी जाहिरातींत त्याच नावाच्या पदाला महिना 17,000 मानधन दिसतं. काम तेच, ट्यूब त्याच. पात्रतेच्या रकान्यात मान्यताप्राप्त डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानातली पदविका) किंवा पदवी आणि महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी मागतात. सहा महिन्यांचा फ्लेबोटॉमीचा कोर्स खासगी कलेक्शन सेंटरला चालतो, इथे चालत नाही. फी भरण्याआधी हे माहीत असायला हवं, कारण पुढची सगळी वर्षं तुम्ही कोणत्या रांगेत उभे राहणार ते इथेच ठरतं.

रक्तकेंद्रात शिबिराचा भत्ता वेगळा असतो आणि शिबिरं बहुतेक रविवारी. 16 गेजची जाड सुई, 350 किंवा 450 मिलिलिटरची पिशवी. हा हात वेगळा तयार होतो आणि तो तयार असेल तर सांगून पैसे मागता येतात. नवजात बाळांची सॅम्पल सहज घेता येणं हेही असंच कौशल्य. बायोडाटात ‘अनुभव तीन वर्षं’ एवढंच लिहिण्यापेक्षा रोज किती सॅम्पल, त्यात लहान मुलं किती आणि रिजेक्शन किती टक्के, हे लिहिलं की बोलणीचा सूर बदलतो.

एक ऑफर मात्र कितीही मोठी असली तरी मी नाकारते. छोट्या लॅबमध्ये रक्तही काढायचं, मशीनही चालवायचं आणि रिपोर्टवर सहीही तूच कर म्हणून दोन-तीन हजार वाढवून देतात. 12 डिसेंबर 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. त्या दोन हजारांत कुणाच्या तरी चुकीच्या उपचाराची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते.

लेखी पत्र हातात येईपर्यंत मूळ सर्टिफिकेटं द्यायची नाहीत. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा. घरोघरी रोख रक्कम गोळा करायची असेल तर ती रोज कुठे भरायची आणि पावती कोण देणार हे ठरवून घ्या. हेपटायटिस बीचे 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीन डोस मालकाने द्यायचे असतात; जैववैद्यकीय कचरा नियम 2016 मध्ये ते आहे. सुई टोचली तर कुणाला फोन करायचा, तो नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या, कारण एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांत सुरू व्हावं लागतं. व्हिजिटवर काम करणाऱ्यांना हा नंबर बहुतेकदा दिलेलाच नसतो.

पहिला पगार झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या वीस तारखेला मी यूएएनचं (पीएफच्या कायम नंबराचं) पासबुक उघडते. पीएफचा भरणा पंधरा तारखेपर्यंत व्हायचा असतो. स्लिपवर 1,440 कापलेले आणि पासबुकात नोंद नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी एचआरला ईमेल जातो, स्लिप आणि स्क्रीनशॉट जोडून.