रमण राघवला फाशी का झाली नाही

मी 34 वर्षे तालुक्याच्या न्यायालयात वकिली केली. आता गावातच असतो, आणि संध्याकाळी पारावर जाऊन बसलो की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी हा प्रश्न काढतोच : "वकीलसाहेब, त्या रमण राघवनं एवढे खून कबूल केले, मंग त्याले फासी काऊन नाही झाली?" विचारणाऱ्याच्या मनात पैसा चारल्याचा किंवा वकिलाने पळवाट काढल्याचा संशय असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, यांतले काहीही झाले नव्हते.

रमण राघवने मुंबईत ज्यांना मारले ते पदपथांवर आणि झोपड्यांत झोपणारे गरीब लोक होते. 1965-66 मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गाच्या कडेने, 19 जणांवर हल्ले झाले आणि त्यांतले 9 जण दगावले. त्या वेळी त्याच भागात भटकताना पोलिसांनी त्याला ताब्यातही घेतले होते. लुटीच्या गुन्ह्यात त्याने पूर्वी शिक्षा भोगलेली होती, पण खुनाचा पुरावा हाती नसल्यामुळे त्याला सोडावे लागले. 1968 मध्ये उत्तर उपनगरांत तसेच घाव पुन्हा पडू लागले : रात्रीची वेळ, गाढ झोपलेला माणूस आणि डोक्यावर जड लोखंडाचा तडाखा. झोपेत मारलेल्या माणसाने मारेकऱ्याला पाहिलेले नसते, आणि मारणाऱ्याचे त्याच्याशी कसलेच वैर नसल्यामुळे तपासाला धागा सापडत नाही. मला विचाराल तर या प्रकरणातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच आहे.

तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. 27 ऑगस्ट 1968 रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी जुन्या नोंदीतल्या छायाचित्रावरून आणि वाचलेल्यांनी केलेल्या वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखले. त्याने आपले नाव सिंधी दलवाई असे सांगितले, परंतु बोटांचे ठसे नोंदीतल्या रमण राघवशी जुळले. त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी मी अनेकदा वाचली आहे : चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. अंगावरच्या कपड्यांवर मात्र रक्ताचे डाग होते. पुढे तो बरेच दिवस गप्प राहिला. शेवटी, काय हवे, असे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली, नंतर डोक्याला लावायला तेल मागितले, आणि मग बोलू लागला. हत्यार कुठे लपवले होते, तेही त्याने स्वतः नेऊन दाखवले. 41 खून केल्याचे त्याने सांगितले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या दंडसंहितेच्या कलम 84 मध्ये असे होते की, मनोविकृतीमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे आहे हे कळतच नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. हे कलम राघवला सोडवू शकले नाही. पोलीस सर्जनने त्याला जवळजवळ महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून तो खटला समजू शकतो असा अभिप्राय दिला, त्याने गुन्हा कबूल केला, आणि सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. त्याने अपील करायलाही नकार दिला. परंतु सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपी अपील करो वा न करो. ही तरतूद कुणा एका राघवसाठी केलेली नाही. ज्याच्यासाठी भांडायला कुणी नाही, त्याच्या मानेभोवती दोर पडण्यापूर्वी आणखी एकदा कागद उघडले जावेत, यासाठी ती आहे.

उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला लावले. ते त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास भेटले. आपण 'कानून' नावाच्या वेगळ्या जगाचे प्रतिनिधी आहोत आणि सरकारच आपल्याकडून गुन्हे करवून घेते, अशी त्याची पक्की समजूत होती. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपासाठी हात पुढे केला, तेव्हा या दुष्ट जगातल्या माणसांना आपण शिवत नाही, असे सांगून त्याने तो नाकारला. निदान जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे संशय आणि भ्रमाने ग्रासणाऱ्या मनोविकाराचे झाले, आणि आजार बरा होणारा नाही असेही ठरले. 1987 मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. तो दोषीच राहिला, एक दिवसही मोकळा सुटला नाही, आणि येरवडा कारागृहात असतानाच 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मेला. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि पारावरही मी तो तसाच सांगतो.

माझे हे मत कायद्याच्या पुस्तकातून आलेले नाही. 1969 च्या उन्हाळ्यात मी चौथीत होतो. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात घरात झोपणे अशक्य असते, साऱ्या गावाच्या बाजा अंगणात असतात. त्या वर्षी मात्र आईने आमच्या बाजा ओसरीत ओढल्या होत्या आणि उशाशी सब्बल ठेवली होती. राघव केव्हाच गजाआड होता, पण भीती वर्तमानपत्रापेक्षा उशिरा गावात पोचली होती आणि जायला तयार नव्हती. अशाच एका रात्री मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर एक परका माणूस झोपलेला सापडला. तो स्वतःशीच बडबडत होता आणि त्याची भाषा कुणाला कळत नव्हती. "राघव आला," असे कुणीतरी ओरडले, आणि लोक काठ्या घेऊन धावले. कोतवाल मध्ये पडला नसता तर तो वाचला नसता.

सकाळी चावडीवर त्याचे गठुडे सोडले, तेव्हा मी वडिलांच्या धोतराला धरून पुढे उभा होतो. त्यात एक जर्मनची ताटली, दात तुटलेला कंगवा, मिठाची पुडी आणि कुठल्याशा गावाचे जुने रेल्वे तिकीट निघाले. सुजलेल्या डोळ्यांनी तो त्या वस्तू एकेक मोजत होता. ताटली सापडल्यावर त्याने ती छातीशी धरली आणि आमच्याकडे पाठ करून बसला.